शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवर ऑफिसं बघत

गुरुवार

ताई राहते त्या नेपरव्हिलहून, म्हणजे शिकागोच्या सबर्बमधून, मेट्रा लोकलची ऑफिसवाल्यांची गाडी पकडली की पाऊण तासाच्या आसपास युनियन स्टेशन. गाडी दुमजली, वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना एकेकट्या सीट्स, कोणी कोणाशी बोलत नाही, लॅपटॉप नाहीतर झोप. ताईने डब्यात थालीपीठ दिलं होतं आणि सोबत टोमणाही, "अगं सुट्टी काढून आलीस आणि ऑफिसं कसली बघतेस, नरिमन पॉइंटला कमी बघितलीस का?" खरं म्हणजे त्यामुळेच तर. माझी नोकरीची बरीच वर्षं नरिमन पॉइंटला गेली, तिथली एअर इंडियाची बिल्डिंग १९७४ची, डिझाइन न्यूयॉर्कच्या जॉन बर्गीचं, तर रोज लिफ्टच्या रांगेत उभं राहून वाटायचं की हा उभ्या खोक्यांचा प्रकार मुळात सुरू कुठे झाला ते एकदा बघून यावं.

आणि मी ठरवलं होतं की मान वर करून मजले मोजत बसायचं नाही. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला बिल्डिंग खालूनच भेटते ना, दार कुठंय, लॉबीत उजेड आहे का, लंच टाइमला बाहेर बसता येतं का, उन्हापावसात उभं राहायला आडोसा आहे का, त्यावरच मार्क द्यायचे.

स्टेशनातून बाहेर पडून नदी ओलांडली की लगेच सीअर्स टॉवर, कागदोपत्री आता विलिस. ७५ फुटी चौकोनी नळ्या नऊ, एकमेकींना धरून उभ्या, काही मध्येच थांबतात आणि दोनच ११० मजल्यांपर्यंत पोचतात. ही युक्ती फझलूर खान यांची, जन्म ढाक्याचा, शिक्षण शिबपूर आणि ढाक्याला, १९५२ला इलिनॉयला शिकायला आले ते शिकागोचेच झाले. कोपऱ्यावर त्यांच्या नावाची रस्त्याची पाटी आहे, तिचा फोटो काढला. वर जायचं तिकीट, काचेचा बॉक्स, सेल्फी वगैरे सोडून दिलं, माझा विषय त्याच्या जरा आधीचा.

गुरुवारच का, तर डेली प्लाझात उन्हाळाभर गुरुवारी शेतकरी बाजार भरतो. सप्टेंबर म्हणजे सफरचंदं, टोमॅटो, मध, पावाच्या लाद्या, आणि हे सगळं एका गंजलेल्या टॉवरच्या पायाशी. गंजलेला हे खरंच. डेली सेंटर १९६५चं, सी. एफ. मर्फी यांच्या फर्मच्या जॅक ब्राउन्सनचं डिझाइन, आणि अख्खं कॉर-टेन नावाच्या पोलादाचं, ज्याला रंग द्यावा लागत नाही कारण वरचा गंजाचा थर एकदा धरला की तोच आतलं पोलाद राखतो. खांबाला हात लावून बघितला, पोपडा नाही, हाताला काही लागत नाही, बारीक कणीदार आणि रंग काळपट चॉकलेटी.

उंची ६४८ फूट आणि मजले फक्त ३१. एवढ्या उंचीत साध्या ऑफिस बिल्डिंगचे पन्नासेक मजले सहज बसले असते. पण आत कोर्टं आहेत, कोर्टरूमला उंच छत पाहिजे आणि मध्ये खांब नको, म्हणून लांब बाजूला खांबाखांबातलं अंतर ८७ फूट. त्यामुळे रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर बिल्डिंग आहे त्यापेक्षा छोटी वाटते, समोर तीनच गाळे दिसतात, आणि जवळ गेलं की एकेक खांब अंगावर येतो. दारातून फायली घेतलेली, तारखेला आलेली माणसं आत-बाहेर चाललेली, वकील पुढे आणि अशील मागे धावत, हे दृश्य मला सिटी सिव्हिल कोर्टाबाहेरचंच वाटलं.

प्लाझातला पिकासो, म्हणजे त्याने केलेलं शिल्प, १९६७चा, ५० फूट, १६२ टन, त्याच कॉर-टेनचा. पिकासोने त्याचे एक लाख डॉलर घेतले नाहीत, शहराला भेट म्हणून दिला, नाव ठेवलं नाही आणि स्वतः कधी अमेरिकेत पाऊलही टाकलं नाही. बाई आहे, कुत्रा आहे की माकड यावर तेव्हापासून वाद चालू आहे, एका नगरसेवकाने तर हे काढा आणि इथे बेसबॉलवाल्या अर्नी बँक्सचा पुतळा उभा करा असा ठराव मांडला होता. मी गेले तेव्हा त्याच्या उतरत्या पायावर तीन-चार पोरं घसरगुंडी खेळत होती, घसरायची जागा घासून घासून तुकतुकीत झालीये, आणि एक आजोबा शेजारीच टोमॅटोची पिशवी घेऊन पोरं संपायची वाट बघत उभे. कोणी हटकत नाही. प्लाझाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

समोर वॉशिंग्टन स्ट्रीटवर ब्रन्सविक बिल्डिंग, तीही १९६५ची, पण काँक्रीटची. ही स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्मची, म्हणजे ब्रूस ग्रॅहम, मायरन गोल्डस्मिथ आणि परत आपले खानसाहेब. वर दाट दाट खांब, खिडकी-खांब-खिडकी-खांब, आणि खाली रस्त्याजवळ आल्यावर मोजकेच जाडजूड. मधे तो सगळा भार गोळा करणारी एक राक्षसी तुळई आहे, दोन मजले उंचीची बिनखिडकीची पट्टी दिसते ना, तीच. बहुतेक लोक हिच्याकडे बघतच नाहीत, सगळे पाठ करून पिकासोचे फोटो काढतात. मी दहा मिनिटं तिच्याकडेच बघत होते, भार कुठून येतो आणि कुठे जातो ते इतकं सरळ दिसतं.

डबा खायला चेस टॉवरच्या प्लाझात गेले. मूळ नाव फर्स्ट नॅशनल बँक, १९६९, ६० मजले, ८५० फूट, आणि खाली रुंद होत जाणारी वक्र बाजू. ही वक्रता मला आधी नुसती फॅशन वाटायची. पण त्याच्यामागे बँकेचा हिशोब आहे, इलिनॉयमध्ये तेव्हा बँकांना शाखा काढायची परवानगीच नव्हती, म्हणजे सगळे काउंटर, सगळे खातेदार एकाच पत्त्यावर, मग खालचे मजले ऐसपैस हवेत आणि वर भाड्याने द्यायची ऑफिसं अरुंद चालतील. कायद्याने बिल्डिंगचा घेर ठरवला!

प्लाझा रस्त्याच्या खालच्या पातळीला, पायऱ्या उतरून जायचं, पायऱ्यांवर ऑफिसची मंडळी डबे घेऊन बसलेली, वारा जरा कमी. एका बाजूला चित्रकार शगालचं मोझेक, १९७४चं, ७० फूट लांब, चार ऋतूंचं. जवळून बघितलं तर काचेचे, दगडाचे नखाएवढे तुकडे, मधे साध्या विटांचे पण आहेत. थालीपीठ आणि शगाल. शेजारच्या बाईंनी वासाने वळून बघितलं आणि हसल्या.

तिथेच बसून डिअरबॉर्नच्या पलीकडे बघितलं की इनलँड स्टील. मला विचाराल तर सगळ्यात देखणी हीच, आणि सगळ्यात बुटकी. फक्त १९ मजले, १९५८ला पूर्ण झाली, वॉल्टर नेट्श आणि ब्रूस ग्रॅहम. गिऱ्हाईक पोलाद कंपनी, तर अंगभर स्टेनलेस स्टील, आणि साठ-पासष्ट वर्षांनीही आईने चिंचेने घासून उन्हात उपडा घातलेल्या डब्यासारखी चकचकीत. खांब सगळे बाहेर, या बाजूला सात आणि त्या बाजूला सात, आत एकही नाही. लिफ्ट, जिने, संडास, पाइप हे सगळं उचलून मागे एका वेगळ्या बिनखिडक्यांच्या २५ मजली टॉवरमध्ये टाकलंय. म्हणजे ऑफिसचा मजला मोकळं मैदान, जवळजवळ साठ फूट रुंद आणि मधे आडवं येणारं काही नाही. नरिमन पॉइंटला माझं टेबल कायम एका खांबाला चिकटून असायचं, साहेबांचं खिडकीला, त्यामुळे हे बघून मला काय वाटलं असेल ते बघा. लॉबीत रिचर्ड लिपोल्डचं तारांचं शिल्प आहे, ‘रेडियंट वन’, बाहेरून काचेतूनही दिसतं.

परतीच्या गाडीत वरची सीट मिळाली आणि मी पण झोपले.

शुक्रवार

आज फक्त फेडरल सेंटर, असं ठरवून गेले आणि बऱ्यापैकी तसंच झालं. जर्मनीहून आलेला आर्किटेक्ट मीस व्हान डर रोह, त्याची काळी मंडळी: डर्कसन कोर्ट १९६४, ३० मजली, समोर क्लुझिन्स्की बिल्डिंग १९७४, चाळीसच्या वर मजले, आणि तिसरं एकमजली पोस्ट ऑफिस. आधी इथे १९०५ची घुमटवाली भलीमोठी दगडी फेडरल बिल्डिंग होती, ती पाडून हे केलं. जुने फोटो बघितले की हळहळ वाटते, खोटं कशाला बोला. पण तो घुमट पूर्ण ब्लॉक खाऊन बसला होता, आणि मीसने उंच बांधून निम्मी जमीन मोकळी सोडली, त्यात शिल्पकार काल्डरचा लालभडक ‘फ्लेमिंगो’ उभा, ५३ फूट. काळ्याच्या मधोमध तो लाल नसता तर दुपारी दोन वाजता पण उदास वाटलं असतं.

इथे बघायचं ते जमिनीवर. प्लाझाच्या ग्रॅनाइट फरशीचे सांधे बघा, सगळं चार फूट आठ इंचाच्या मापात बसवलंय. मी फ्लेमिंगोच्या पायाजवळचा एक सांधा पकडला आणि त्याच्यावरून चालत गेले, तो काचेच्या भिंतीपर्यंत सरळ, तिथे खिडकीची काळी पट्टी बरोबर त्याच रेषेत उभी, आणि काचेपलीकडे लॉबीच्या फरशीतही तीच रेष पुढे चालू. आत-बाहेर असं काही नाहीच, मधे फक्त काच. एक सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघायला लागला कारण खाली बघत सरळ रेषेत चालणारी बाई, त्याचंही बरोबर. कोर्टात जायचं तर आयडी, बॅगेचं मशीन, म्हणून आत गेले नाही.

मग कोपरा. मीसच्या बिल्डिंगवर वरपासून खालपर्यंत त्या उभ्या पोलादी पट्ट्या दिसतात, आय आकाराच्या, सगळे म्हणतात बघा कसा सांगाडा उघडा ठेवलाय, किती प्रामाणिक. पण खरे खांब आगीच्या नियमामुळे काँक्रीटमध्ये लपेटलेले आत आहेत, बाहेरच्या पट्ट्या वरून जोडलेल्या. काचेच्या चौकटीला त्या थोडा ताठपणा देतात हे खरं, पण मुख्य काम दिसण्याचं. हाड आत आणि बाहेर हाडाचं चित्र! मला त्याची ही लबाडी फार आवडली, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात त्या पट्ट्यांच्या सावल्या पडतात आणि सपाट काळी भिंत एकदम जिवंत होते, पट्ट्या नसत्या तर नुसता फळा राहिला असता. नंतर जगभर लोकांनी फळेच बांधले आणि नाव मीसचं खराब केलं.

पोस्ट ऑफिसात मात्र कोणीही जाऊ शकतं, म्हणून गेले. एवढी उंच, चारी बाजूंनी काचेची पोस्टाची खोली मी तरी पाहिली नव्हती. रांगेत उभी राहून आत्यासाठी एक पिक्चर पोस्टकार्ड टाकलं, परदेशाचा स्टॅम्प गोल निघाला. रांगेतून फ्लेमिंगो दिसतो, मागे रस्ता दिसतो, बस दिसते. काउंटरवरचा माणूस मात्र सगळीकडच्या पोस्टातल्यासारखाच, मान वर न करता "नेक्स्ट".

रस्ता ओलांडला की मोनॅडनॉक. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१चा, १६ मजले, विटांच्या भिंतींवर उभा, म्हणून तळाला भिंत सहा फूट जाड. काळ्या टॉवर्ससमोर हा का बघायचा, तर भिंतीने भार घेतला की काय किंमत मोजावी लागते ते इथे कळतं, खिडकीच्या कोनाड्यात उभं राहिलं की पूर्ण माणूस मावतो. खाली मधोमध कॉरिडॉर, दोन्हीकडे छोटी दुकानं, टोप्यांचं, न्हावी, कॉफी. फोर्टातल्या जुन्या बिल्डिंगांची आठवण आली. कॉफी घेऊन तिथेच बसले कारण बाहेर पाऊस सुरू झाला.

पाऊस थांबल्यावर मागच्या बाजूला एक चक्कर मारली, हॅरी वीसचा १९७५चा त्रिकोणी टॉवर आहे तिथे. लांबून छान ऑफिस वाटतं, पण ते फेडरल जेल आहे, खिडक्या म्हणजे पाच इंची उभ्या फटी, म्हणजे गजच नकोत. तरी २०१२च्या डिसेंबरात दोघं जण चादरींचा दोर करून सतराव्या मजल्यावरून उतरून पळाले होते. परत पाऊस आला, मग डेली सेंटरपर्यंत धावत गेले आणि तिथून पेडवे, म्हणजे जमिनीखालून बिल्डिंगांना जोडणारे रस्ते. कुठे मार्बल, कुठे गळकं छत, पाट्या धड नाहीत, मी एका पार्किंगमध्ये निघाले.

शनिवार

आज भाचा बरोबर. त्याला बोट हवी होती, मला पण. आर्किटेक्चर सेंटरची रिव्हर क्रूझ, दीड तास, माहिती सांगणारे सगळे स्वयंसेवक, आमच्या बोटीवर एक रिटायर्ड आजी होत्या, खणखणीत आवाज, एकही कागद हातात नाही. हे सेंटर स्वतःच मीसच्या १९७०च्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर उभी राहिलेली.

मरिना सिटी आलं तसा भाचा ओरडला, "मावशी, मका!" सगळं गाव त्यांना मक्याची कणसंच म्हणतं. तशी ती ऑफिसं नाहीत, राहायचे फ्लॅट आहेत, ६५ मजले, खालचे १९ गोल फिरत जाणारं पार्किंग, उघडंच, गाड्यांची नाकं कठड्यावरून नदीकडे. पण त्यांची गोष्ट सांगायलाच हवी. पैसा घातला सफाई कामगार आणि लिफ्टवाल्यांच्या युनियनने, कारण १९६०च्या सुमारास लोक सबर्बमध्ये चालले होते, डाउनटाउन रिकामं झालं तर बिल्डिंगा झाडणार कोणाच्या आणि लिफ्ट चालवणार कोणासाठी? म्हणजे ताई-भाऊजी आज नेपरव्हिलला का राहतात, त्या प्रश्नाची ही दुसरी बाजू.

आर्किटेक्ट बर्ट्रांड गोल्डबर्ग, आणि तो जर्मनीत बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत मीसच्याच हाताखाली शिकलेला. शिष्याने इकडे काटकोनच बाद करून टाकला, सगळं गोल, खोल्या पाकळीसारख्या बाहेर रुंद होत जाणाऱ्या. आणि मग काही वर्षांनी गुरूने बरोब्बर शेजारी, एक रस्ता सोडून, आपला ५२ मजली काळा काटकोन आणून उभा केला, आयबीएम बिल्डिंग. नदीवरून दोघं एका फ्रेममध्ये येतात, आणि आजींनी बोट मुद्दाम हळू करायला लावली. मीस १९६९ला गेला, बिल्डिंग त्यानंतर पूर्ण झाली, अमेरिकेतल्या त्याच्या शेवटच्या टॉवर्सपैकी एक. शनिवारमुळे ऑफिसची लॉबी बंद, पण काचेतून त्याचा अर्धपुतळा दिसतो, मारिनो मारिनीने केलेला, एवढ्या उंच लॉबीत एवढासाच.

खालच्या मजल्यांवर २०१३पासून लँगहॅम हॉटेल आहे, त्याची लॉबी मीसच्या नातवाने, डर्क लोहानने केली. आत डोकावलो, चहाचे भाव बघितले, बाहेर आलो. पुलावर उभं राहून भाच्याला कणसं पसंत आणि मला काळी, पण राहायला विचाराल तर मी पण कणसातच राहीन. काळ्याच्या खाली नदीचा वारा असा घोंगावतो की छत्री उलटी होते, आणि बसायला नेमकी जागा शोधावी लागते. तिथे मीसला मार्क कमी.

रविवार

सगळे मिळून गाडीने. भाऊजी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटसमोर ‘स्वामी विवेकानंद वे’ची पाटी दाखवतात, मलाही दाखवली, १८९३चं भाषण याच इमारतीत झालं. मग बीन, ते आरशासारखं चकचकीत शिल्प. बीन बघितला. झालं.

त्याच्या मागेच प्रुडेन्शियल, आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती कारण हा सगळ्यांचा मोठा भाऊ. १९३४ला फील्ड बिल्डिंग झाली आणि मग मंदी, महायुद्ध, वीसेक वर्षं लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनमध्ये, एकही मोठा टॉवर उभा राहिला नाही, तो पहिला १९५५ला हा, ४१ मजले, रेल्वेच्या रुळांवरची नुसती हवा, म्हणजे वर बांधायचा हक्क, विकत घेऊन. त्या वेळी शहर बघायला लोक याच्या गच्चीवर यायचे. आज दिसायला साधा, जरा सरकारी वळणाचा, ताई म्हणाली मंत्रालयच वाटतंय, आणि मला काही उत्तर सुचलं नाही.

शेजारचा एऑन सेंटर, ८३ मजले, ११३६ फूट, पांढराशुभ्र. मूळचा स्टँडर्ड ऑइलचा, १९७३, एडवर्ड ड्युरेल स्टोनचा. याची गोष्ट भाऊजींना माहीत नव्हती, मी वाचून आले होते. सगळ्या अंगाला इटलीतल्या काराराचा संगमरवर, ४३ हजारांच्या आसपास लाद्या, आणि जाडी सव्वा-दीड इंच. शिकागोत हिवाळ्यात सगळं गोठतं आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा, पातळ संगमरवर तापून-गार होऊन बाहेरच्या बाजूला पोक काढायला लागला आणि त्याची ताकदही कमी झाली. बांधकाम चालू असतानाच एक लादी सुटून प्रुडेन्शियलच्या छतात घुसली असं सांगतात. आधी पट्ट्या मारून धरून ठेवलं, शेवटी १९९० ते ९२मध्ये अख्खी बिल्डिंग सोलून नॉर्थ कॅरोलायनाच्या पांढऱ्या ग्रॅनाइटने परत मढवली, खर्च आठ कोटी डॉलरच्या वर. काढलेल्या संगमरवराचा बराचसा चुरा कंपनीच्याच व्हायटिंगच्या रिफायनरीत बागेत पसरायला गेला.

भाऊजी त्यांच्या वसाहतीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी आधी खर्चाचा आकडा परत विचारला. मग म्हणाले, "आणि आमच्याकडे घरांच्या नुसत्या सायडिंगचा, बाहेरच्या पट्ट्यांचा, रंग ठरवायला दोन वर्षं भांडतायत, त्यांना हे सांगतो." ताईने विचारलं की मग तो संगमरवर थोडा विकत नाही का मिळाला कोणाला, पोळपाट झाला असता. त्यावर परतीच्या पूर्ण रस्त्यात चर्चा चालली, सव्वा इंच जाडीचा पोळपाट जड होईल की नाही, भाऊजींच्या मते होईल.